आशीर्वाद द्यायला तोंड उघडत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सांगली जिल्ह्यातले एक वाचक, वय ६७, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. थोरले भाऊ वारल्यापासून 'घरात मीच मोठा' म्हणून सणावाराला, लग्नकार्याला सगळे त्यांच्या पाया पडतात. गेल्या दिवाळीत पाडव्याला धाकट्या भावाची सून नमस्काराला वाकली, तेव्हा सवयीनं ते बोलून गेले, "पुढच्या पाडव्याला तिघं या." सून "हो काका" म्हणून आत गेली ती जेवायलाही थांबली नाही. नंतर तिचा फोन नाही. तेव्हापासून कुणी वाकलं की यांची जीभ अडते, "असू दे, असू दे" एवढंच निघतं. आता वैशाखात थोरल्या भावाच्या नातीचं लग्न आहे. स्टेजवर दोन शब्द बोलायचेत, पाकिटावर लिहायचंय, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचंय. ते विचारतात: आशीर्वादाला दुसरे शब्द कोणते? कुणाला कोणता चालतो? मोबाइलवर शोधलं तर शुभाशीर्वाद, आशीर्वचन, शुभाशिष, शुभेच्छा, दुवा, वर अशी यादी आली. 'यातलं पाया पडणाऱ्याला म्हणायचं कुठलं?' पत्राच्या तळाशी एक ओळ आहे: "वहिनी आहेत, ७४ वर्षांच्या, पण दादा गेल्यापासून त्या शुभकार्यात पुढे येत नाहीत, त्यामुळे सगळं माझ्यावरच आलंय."

उत्तर:

तुम्ही वयानं मोठे, तेव्हा आधी माझा नमस्कार घ्या. त्यावर काही म्हणायची सक्ती नाही.

शब्द मागितलेत, तर शब्दांपासूनच सुरुवात करते. मोबाइलनं दिलेली यादी चुकीची नाही, पण त्यातल्या प्रत्येक शब्दाची जागा वेगळी आहे. 'शुभाशीर्वाद' आणि 'शुभाशिष' हे छापायचे शब्द. पत्रिकेवर, फलकावर, वाढदिवसाच्या जाहिरातीत ते शोभतात. तोंडानं कुणी "तुला शुभाशीर्वाद" म्हणालं तर समोरच्याला वाटेल, पत्रिकाच वाचून दाखवताहेत. 'आशीर्वचन' मठाधिपतींचं, महाराजांचं, माइकवरून द्यायचं. 'अभीष्टचिंतन' एकसष्टीला, पंचाहत्तरीला, ते पण शाल-श्रीफळ असेल तर. 'शुभेच्छा' मूळच्या बरोबरीच्या माणसांतल्या, पण हल्ली मोठेही लहानांना शुभेच्छा देतात आणि त्यात काही बिघडत नाही. 'वर' देवानं द्यायचा, आणि पुराणांत तो पुष्कळदा देणाऱ्याच्याच अंगाशी येतो. भस्मासुर आठवा.

राहिला 'दुवा'. हा मला या सगळ्यांत आवडतो, कारण त्याला वय लागत नाही आणि मानपानही लागत नाही. तुम्ही वर्कशॉपला होतात. रात्री घाटात बंद पडलेली गाडी जाऊन चालू करून दिली असेल कधी, तेव्हा आतल्या प्रवाशांनी मनातल्या मनात तुम्हाला जे दिलं असेल तो दुवा. लेकुरवाळ्या बाईनं दिला असेल, कॉलेजच्या पोरानं दिला असेल. आशीर्वाद मात्र आपल्याकडे मोठ्यानं लहानाला द्यायचा अशी वहिवाट पडली आहे, आणि तुमच्या पत्रातली खरी अडचण या 'मोठ्या' शब्दापाशी आहे असं मला वाटतं. त्याकडे पुढे येते.

आधी आशीर्वाद म्हणजे काय ते बघू. संस्कृतात 'आशिस्' म्हणजे मागणं, मनातली इच्छा. 'वाद' म्हणजे बोलणं. दुसऱ्यासाठी मनात असलेली चांगली इच्छा तोंडानं बोलून दाखवली की झाला आशीर्वाद. यात देणाऱ्याचं नशीब, पुण्याई, त्याचा संसार पुरा आहे की नाही, यातलं काहीच येत नाही. ते सगळं आपण नंतर चिकटवलं.

आता तुमच्या पाडव्याच्या वाक्याकडे येते. तुम्हाला वाटतंय की शब्द चुकला, दुसरा शब्द असता तर निभावलं असतं. मला तसं वाटत नाही. "तिघं या" यातला एकही शब्द वाईट नाही. अडचण क्रियापदाच्या रूपात आहे. शाळेत आपण 'आज्ञार्थ' शिकलो तेव्हा गुरुजींनी सांगितलं होतं की आज्ञा, विनंती, उपदेश, प्रार्थना आणि आशीर्वाद, सगळे या एकाच खणात येतात. ही सोय जुनी आहे. पाणिनीनंसुद्धा आशीर्वादासाठी जी दोन रूपं सांगितली त्यातलं एक आज्ञेचंच आहे. म्हणून 'सौभाग्यवती भव' मधला 'भव' हुकूमही असतो आणि सदिच्छाही असते. कुठलं ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं. वाकलेल्या सुनेला तुमची सदिच्छा ऐकू आली नाही, तिला काम ऐकू आलं, तेही वर्षाच्या मुदतीचं.

मराठीला मात्र यातून सुटायची एक वाट आहे आणि ती तुमच्या तोंडात आधीपासून आहे. 'हो' च्या जागी 'होवो' म्हणा. 'कर' ऐवजी 'करो', 'मिळव' ऐवजी 'मिळो', 'राहा' ऐवजी 'राहो'. "परीक्षेत पहिला ये" म्हटलं की पोराच्या मानेवर जू बसलं. "अभ्यासाला यश मिळो" म्हटलं की तेच मागणं देवाकडे गेलं, पोरगं मोकळं. "लवकर बरा हो" हे आजारी माणसाला वर्षभर ऐकवून बघा, बरं न होणं हा त्याला स्वतःचा गुन्हा वाटू लागतो. "तुला आराम पडो" यात त्याच्यावर काही येत नाही. आपल्या आज्या "देव तुझं भलं करो" म्हणायच्या. करणारा देव, होणार ते भलं, आणि समोरच्यानं फक्त उभं राहायचं.

याचा अर्थ जुने आशीर्वाद टाकाऊ होते असं नाही. 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' आज ऐकताना अंगावर येतं, पण ते कुठल्या काळात रुळलं ते बघा. अगदी १९११ ते १९२१ या दशकात, ज्यात १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ येऊन गेली, हिंदुस्थानातलं सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्याही खाली होतं. त्यापूर्वी प्लेगनं गावंच्या गावं रानात झोपड्या घालून राहिली होती. पाळण्यातली किती जगतील याचा भरवसा नसलेल्या घरात आठ मागितले तर दोन-तीन हाती लागायचे. 'शतायुषी हो', 'औक्षवंत हो' यांतही तीच धास्ती आहे. ओवाळण्याला आपण औक्षण म्हणतो ते काय उगाच? तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. सगळा खटाटोप समोरच्याच्या आयुष्यासाठी. म्हणजे जुनी माणसं त्या-त्या माणसाला ज्याची भीती होती त्यावरचा उतारा देत होती. आपण भीती बदलली तरी उतारा तोच ठेवला, एवढीच चूक झाली. (मुलगेच का मागायचे, हा भांडणाचा मुद्दा वेगळा, त्यावर मी या सदरात पूर्वी बरंच लिहिलंय, आज राहू दे.)

लग्नाच्या सकाळी पुण्याहवाचन असतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. धूर, पोराटोरांची पळापळ आणि चहाच्या कपांच्या गडबडीत कुणी नीट ऐकत नाही. यंदा ऐका. यजमान हात जोडून 'स्वस्ति भवन्तो ब्रुवन्तु' म्हणजे 'आपण स्वस्ति म्हणावं' अशी विनंती करतो, आणि मग ब्रह्मवृंद 'आयुष्मते स्वस्ति' म्हणतात. त्याच विधीत शांतिरस्तु, पुष्टिरस्तु, तुष्टिरस्तु अशी माळही लागते. मला त्यात घेण्यासारखं हे दिसतं की ज्याला हवं त्यानं आधी मागायचं, मग देणाऱ्यानं द्यायचं. पाया पडणाऱ्यानं तोंडानं मागितलेलं नसतं हे खरं. पण त्याचं काय चाललंय हे मोठ्यांना साधारण माहीत असतं. माहीत नसेल तेव्हा "तुझ्या मनासारखं होवो" म्हणावं. हा आशीर्वाद मी कुणालाही देते. लग्न मोडलेल्या मुलीला, नोकरी गेलेल्या भाच्याला, बोर्डाच्या परीक्षेला निघालेल्या शेजारच्या पोराला. आजवर कुणी तोंड फिरवलेलं नाही, कारण मन त्याचं त्यालाच ठाऊक असतं.

तुमच्या सुनेला काय झालं असेल याचा तर्क मी करणार नाही. तुम्हीही करू नका. मूल होत नसेल, नको असेल, एखादं राहून गेलेलं असेल, किंवा त्या दिवशी तिचं डोकं दुखत असेल. कारण कळलं तरच माफी मागता येते असं काही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नका. लिहिलेलं चारदा वाचलं जातं आणि दर वेळी वेगळं लागतं. फोन करा, दुपारी, ती एकटी असेल अशा वेळी. तुमच्या पुतण्यामार्फत निरोप धाडू नका, बायकोला मध्ये घालू नका. म्हणा: "पाडव्याला मी जे बोललो ते बोलायला नको होतं. तुम्ही दोघं सुखात असावं एवढंच मनात होतं." मग गप्प बसा. ती "अहो काका, काहीच नाही हो" म्हणेल. म्हणू दे. तिथं "नाही, पण काही प्रॉब्लेम असेल तर आपल्या ओळखीचे डॉक्टर आहेत" हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. पुढचा विषय पाऊसपाण्याचा काढा. वैशाखात लग्नाला ती येईल, नमस्कारालाही वाकेल, तेव्हा तिचं नाव घेऊन "तुला सुख मिळो" म्हणा. नाव घ्यायचं विसरू नका. नमस्कारांची रांग लागली की आपण सगळ्यांवर एकच वाक्य फिरवत जातो. नाव घेतलं की ते वाक्य त्या माणसाचं होतं.

आणि तुमचं "असू दे, असू दे". ते वाईट नाही हो. त्यात संकोच आहे, माया आहे, 'मी कुठला एवढा मोठा' हे आहे. पुष्कळ घरांत तेवढ्यावरच भागतं. फक्त वाकलेला माणूस अर्ध्यातून उठतो आणि त्याला काहीच मिळालेलं नसतं, म्हणून त्याला शेपूट जोडा: "असू दे, असू दे. भलं होवो."

आता ती शेवटची ओळ.

'घरात मीच मोठा' असं तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय. तुम्ही ६७चे आणि वहिनी ७४च्या. नवरी मुलगी तुमची नात लागते खरी, पण वहिनींची ती पोटच्या मुलाची मुलगी. तिला न्हाऊ-माखू त्यांनीच घातलं असणार. मग मोठं कोण? दादा हयात असताना त्या घरात मोठ्या होत्या आणि ते गेल्यावर वयानं लहान झाल्या, असं तर होत नाही. तुम्ही हे मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. 'त्या पुढे येत नाहीत' असं तुम्ही लिहिलंय आणि ते खरंही असेल. पण त्या येत नाहीत की त्यांना कुणी 'या' म्हणत नाही, हे एकदा विचारून बघायला हवं. हळदीला, औक्षणाला, ओटी भरायला सवाष्णच हवी हे त्यांनी आयुष्यभर दुसऱ्या बायकांच्या बाबतीत पाहिलेलं आहे. आपली पाळी आली तेव्हा कुणी सांगायच्या आत त्या स्वतःहून मागे सरकल्या असतील. बायका अशा वेळी स्वयंपाकघरात काम काढून बसतात आणि मग सगळे म्हणतात, तिला कामाचीच आवड.

तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, हे सगळं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठरावानं सगळी घरं बदलत नाहीत, हे तुम्ही-आम्ही जाणतो. पण आशीर्वादासाठी तर ठरावही लागत नाही. त्याला कुंकू लागत नाही, जोडीदार लागत नाही, पाहिजे फक्त एक हात आणि दोन शब्द.

तेव्हा लग्नाच्या आधी एक दिवस वहिनींशी बोला. मांडवात, दीडशे माणसांसमोर हात धरून त्यांना पुढे ओढू नका. ते धाडस तुमचं दिसेल आणि मरणाचं अवघडलेपण त्यांच्या वाट्याला येईल. घरी, निवांत, चहाच्या वेळी विचारा: "वहिनी, पोरांनी पहिला नमस्कार तुम्हाला करावा असं मला वाटतं. चालेल ना?" त्या नाही म्हणतील. एकदा नाही म्हणणं हा रिवाज आहे, तो मनावर घेऊ नका. दुसऱ्यांदा पुतण्याला, म्हणजे नवरीच्या वडिलांना, विचारू द्या, तिसऱ्यांदा खुद्द नवऱ्या मुलीला. तिलाही त्यांनी खरंच नको सांगितलं, तर मात्र तिथं थांबा. त्यांचा नकार हाही त्यांचाच आहे. मग नमस्कार घरात, देवासमोर, निघण्याआधी करून घ्या.

त्या हो म्हणाल्या तर दोन माणसांना आधी कल्पना द्या: गुरुजींना आणि फोटोग्राफरला. गुरुजी 'आता वडीलधाऱ्यांना नमस्कार करा' म्हणतात तेव्हा नवरा-नवरी गोंधळतात आणि जो समोर दिसेल त्याच्यापुढे वाकतात. फोटोग्राफर तर ज्याच्या अंगावर जास्त सोनं त्याला पुढे घेतो. खुर्ची कुठे ठेवायची तेही बघून ठेवा, चौऱ्याहत्तराव्या वर्षी तासभर उभं राहवत नाही.

स्टेजवर काय बोलायचं? दोन मिनिटं. समानार्थी शब्द गोळा करू नका, ते भाषण होतं. नवरीची लहानपणची एखादी गोष्ट सांगा, दादांचं नाव घ्या आणि "नांदा सौख्यभरे" म्हणून खाली उतरा. जुनं आहे, घासून गुळगुळीत झालंय, रूपही आज्ञेचंच आहे, पण त्यात दोघंही येतात आणि कुणाला काही मुदत घातलेली नाही.

पाकिटावर 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहा. पूर्वी पोस्टकार्डावर वडील मुलाला 'चि. ... यास अनेक उत्तम आशीर्वाद' असं लिहायचे आणि पुढच्या ओळीपासून पैसे जपून खर्च करण्याबद्दल झापायचे. मुलगा 'ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.' लिहून, म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार घालून, पैसेच मागायचा. मायना मात्र कुणाचा चुकत नसे. हो, आणि 'आशीर्वाद' मधला शी दीर्घ. फॅमिली ग्रुपवर निम्मे लोक 'आशिर्वाद' लिहितात. तुम्ही बरोबर लिहिलंत तर कुणाच्या लक्षात येणार नाही, पण चुकलात तर एखादी शिक्षिका नणंद असतेच.

आता घाईचं काम. वैशाखातलं लग्न म्हणजे पत्रिकेचं प्रूफ छापखान्यातून आलं असेल किंवा येईल. ते हातात घ्या आणि नवरीच्या नावाखालची ओळ वाचा. आपल्याकडच्या पत्रिकांत बहुतेक ती अशी असते: 'कै. अमुक यांची नात व श्री. तमुक यांची कन्या'. आजोबा जाऊनही छापले जातात आणि हयात आजी कुठेच नसते. 'श्रीमती' लावून वहिनींचं नाव तिथं घाला, आणि खाली 'शुभाशीर्वाद' असं लिहून जी नावं येतात त्यांतही पहिलं त्यांचं घ्या. 'गं. भा.' लावू नका; एप्रिल २०२३ मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरण्याविषयी खात्याला पत्र लिहिलं तेव्हा राज्यभरातून केवढी ओरड झाली ते तुम्ही वाचलं असेल. छापखानेवाला जुन्या नमुन्यावरून ते आपोआप घालतो, म्हणून दुसरं प्रूफही मागवा.